दारावरची न दिसणारी पाटी

टप्प!

घरात इतकी शांतता होती, की दारामागच्या खिळ्यावरून पोहण्याचा चष्मा खाली पडला, तर तेवढ्यानेसुद्धा शाल्मली दचकली. भांडण होऊन बराच वेळ झाला होता. आई तोंड मिटून कणीक तिंबत होती. शाल्मली खिडकीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. त्यांचा घरकामाचा रोबो ठकू कपड्यांच्या घड्या घालता घालता मध्येच थांबला होता. मायलेकी बोलेनाशा झाल्या, की कुणाच्या बाजूने हलायचं हे त्याला कळत नसे.

जांभूळतळ्यातली पोहण्याची शर्यत तीन-चार महिन्यांवर आली होती. पण गेल्या वर्षी तळ्यात पोहून शाल्मलीच्या अंगभर पुरळ उठलं होतं. त्यामुळे आईने साफ सांगितलं होतं, "आधी पाण्याच्या तपासणीचा अहवाल दाखव, मग पोह."

"ठकू, पुन्हा शोध ना रे!"

"जांभूळतळ्याच्या पाण्याचा अहवाल. निकाल शून्य," ठकू म्हणाला. "सकाळपासून विचारते आहेस. शून्य अजून शून्यच आहे."

"म्हणजे तपासणी झालेलीच नाही," आतून आई म्हणाली.

"झालीय! तळ्याकाठी एवढा मोठा फलक आहे. 'दर महिन्याचा अहवाल नगरपालिकेच्या संकेतस्थळावर उपलब्ध.' मग फलक खोटा, की ठकू खोटा?"

"मी खोटं बोलत नाही. चुकतो कधीकधी, ते वेगळं," ठकू म्हणाला.

शाल्मली उडी मारून खाली उतरली. "मला एक सांग. तू शोधतोस म्हणजे नक्की करतोस काय? सगळं जग धुंडाळतोस?"

"छे! तेवढा वेळ कुणाला आहे? ते काम आधीच झालेलं असतं. क्रॉलर (एका पानावरून दुसऱ्या पानावर जात वाचत फिरणारे प्रोग्राम) सतत हिंडत असतात. ते वाचतात त्याची एक सूची (कुठला शब्द कुठल्या पानावर आहे त्याची नोंद) तयार होते. पुस्तकाच्या शेवटी असते ना, तशी. तू विचारलंस, की मी फक्त सूचीत बघतो."

"म्हणजे जिथे क्रॉलर गेलाच नाही, ते तुझ्या लेखी जगातच नाही?"

ठकूच्या डोळ्यांतले दिवे मिचमिचले. "असं मला कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. पण हो."

शाल्मलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. 'निकाल शून्य' म्हणजे वस्तू नाही, असं नव्हेच! 'मला दिसली नाही' एवढाच त्याचा अर्थ. पण मग क्रॉलर तिथे का गेला नव्हता?

"दाराशी बघू," ठकू म्हणाला. "प्रत्येक संकेतस्थळाच्या दाराशी क्रॉलरसाठी एक छोटी फाइल ठेवता येते. माणसं सहसा ती बघत नाहीत." त्याने समोरच्या भिंतीवर ती उजळून दाखवली. दोनच ओळी होत्या. ठकूने अर्थ सांगितला: "सर्व क्रॉलरसाठी. 'दस्तऐवज' या कप्प्यात शिरू नये."

"कुलूप लावलंय?"

"नाही. नुसती पाटी. 'चपला बाहेर काढा' असते ना, तशी. सभ्य क्रॉलर ती वाचतात आणि मागे फिरतात."

"मग तू घुस ना!"

"पाटी पाळायची, असं मला शिकवलंय. आज तळ्यासाठी मोडली, तर उद्या मी कुणाच्याही घरात शिरेन."

"मोठा आला शहाणा!" शाल्मली फणकारली. "आई, आपण माणसं आहोत. आपण शिरू."

आई कणकेचे हात पुसत बाहेर आली. भांडण दोघीही विसरल्या. कप्पा उघडला आणि शाल्मलीने कपाळाला हात लावला. आत हजारो फाइली होत्या. त्यांची नावं 'स्कॅन नवीन', 'स्कॅन नवीन अंतिम', 'स्कॅन खरंच अंतिम' अशी. एकीत मंगल कार्यालयाचं भाडं निघालं, दुसरीत पथदिव्यांची खरेदी, तिसरीत तर स्कॅन करणाऱ्याचा नुसता अंगठा. बोटं दुखेपर्यंत शोधूनही तळ्याचा पत्ता नव्हता.

"असं जन्मभर बसावं लागेल," आई म्हणाली. "त्यापेक्षा मागूया. माहितीचा अधिकार आहे आपल्याला (सरकारी कार्यालयातली कागदपत्रं मागण्याचा नागरिकांचा कायदेशीर हक्क). तू लिही, मी सही करते."

शाल्मलीने दात-ओठ खाऊन लिहिलं. 'तळ्याचा अहवाल द्या. क्रॉलरला अडवणारी पाटी का लावली? तुम्हाला लाज वाटत नाही का?' शेवटचं वाक्य आईने खोडलं, पण हसू काही तिला खोडता आलं नाही.

मग वाट बघणं. शाल्मली दिवसातून दहादा टपालाची पेटी उघडायची. ठकूने तिला सुचवलं, की पेटी उघडल्याने पत्र लवकर येत नाही. तिने त्याच्यावर उशी फेकली.

उत्तर आलं. पहिल्या मागणीवर लिहिलं होतं, 'अहवाल संकेतस्थळावर उपलब्ध आहे, तेथे पाहावा.' दुसरीवर, 'का या प्रश्नाचे उत्तर माहिती या व्याख्येत बसत नाही.'

"ही काय चेष्टा आहे?" शाल्मली किंचाळली. दुसऱ्याच दिवशी तिने आईला ओढत नगरपालिकेत नेलं.

माहिती अधिकारी डोईफोडे बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "लाज वाटत नाही का, असं खोडलेलं वाक्य तुझंच ना? उजेडात धरलं की दिसतं हो ते."

शाल्मलीचे कान तापले.

"बस. नीट ऐक," बाई म्हणाल्या. "मनातलं कारण मी कुठून देणार? मी जे कागदावर आहे ते देते. 'का' विचारू नकोस. पाटी लावायचा आदेश माग. त्याआधीची टिप्पणी (निर्णय घेताना फाइलवर लिहिलेली मतं) माग. तक्रार आली असेल, तर नाव झाकून तिची प्रत माग. त्यात तुझा 'का' सापडतोय का, बघ."

शाल्मलीने तिथेच, त्यांच्याच टेबलावर, दुसरा अर्ज लिहिला.

या वेळी जाड पाकीट आलं. जमिनीवर कागद पसरून दोघी पालथ्या पडल्या. एका आजींची तक्रार होती. निवृत्तिवेतनाच्या यादीतलं त्यांचं नाव, फोन आणि बँक खात्याचा क्रमांक शोधयंत्रात दिसत होता, आणि फसवणारे त्यांना फोन करत होते. खाली नगरपालिकेच्या मुख्याधिकारी साहेबांचा शेरा होता: 'सदर यादी शोधात दिसू नये.' त्याखाली संगणक विभागाचा: 'यादी वेगळी काढण्यास वेळ लागेल. तूर्त संपूर्ण कप्पा बंद करत आहोत.'

"तूर्त!" आई म्हणाली. "तारीख बघ. तेव्हा तू बालवाडीत होतीस."

शाल्मलीचा राग मात्र कुठेतरी अडखळला. आजींना वाचवायला गेले होते बिचारे. एक खण झाकायचा, तर अख्खं कपाट झाकलं. मग ती एकदम उठून बसली.

"ठकू, फसवणारे लोक पाटी पाळतात?"

"ते कशाला पाळतील? त्यांचे प्रोग्राम सरळ आत जातात."

"म्हणजे आजींचा खातेक्रमांक अजून उघडाच आहे! पाटीमुळे अडलो फक्त आपण. चोर नाहीच!"

आईने तडक फोन लावला. पलीकडे डोईफोडे बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तिला सांगा, आज मी स्वतः विभागात जाऊन बसते."

यादीतले खातेक्रमांक आणि फोन पुसले गेले. मग पाटी निघाली. तरी सूची काही लगेच बदलली नाही. क्रॉलर आपल्या फेरीने येणार होता, आणि शाल्मली ठकूभोवती येरझाऱ्या घालत राहिली. अखेर एका सकाळी तो घडी अर्धवट टाकून म्हणाला, "जांभूळतळं. निकाल शून्य नाही."

पश्चिमेच्या पायऱ्यांजवळचं पाणी चांगलं होतं. पूर्वेला ओढा मिळतो तिथे मात्र पोहू नये, असं दर महिन्याला लिहिलं होतं. अगदी गेल्या वर्षीसुद्धा.

"मी पूर्वेलाच पोहायचे," शाल्मली हळूच म्हणाली.

आईने खिळ्यावरचा चष्मा काढून तिच्या हातात दिला. "चल, शर्यतीच्या सरावाला पश्चिमेला जाऊ. आता त्या पायऱ्यांवर येणाऱ्या प्रत्येकाला हे शोधता येईल."

शाल्मली दारापर्यंत गेली आणि चपला घालता घालता थबकली.

"आई, ही एक पाटी आपल्याला दिसली. पण आजपर्यंत 'काही सापडलं नाही' असं ऐकून आपण किती वेळा नुसत्याच गप्प बसलो असू?"

"मोजलं नाही," ठकू म्हणाला. "पण यापुढे शून्य आलं, की आधी दारावरची पाटी बघेन."