डाव्या अंगाला

रक्तातलं कॅल्शियम वाढलेल्या त्या बाई मुलाच्या हाताला धरून आल्या, तेव्हा स्कॅन वाचणारी डॉक्टर आपला चहा संपवत होती. बाईंनी उभं आयुष्य मुलांना पोहायला शिकवण्यात घालवलं होतं. आता साधी किटली उचलताना त्यांचं मनगट मोडलं होतं. "पाण्यात कधी बुडाले नाही, आता जमिनीवरच बुडायला लागलेय," असं त्या हसत म्हणाल्या, आणि डॉक्टरला त्या तिथेच आवडल्या.

दुखणं माहीत होतं, ठिकाण माहीत नव्हतं. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांतली एक चेकाळली होती आणि हाडांतलं कॅल्शियम ओरबाडून रक्तात ओतत होती. ती काढली की झालं. पण कुठली? आधी दुसरीकडे केलेल्या स्कॅनमध्ये काहीच दिसलं नव्हतं. बाईंचं हृदय नाजूक होतं. जागा नेमकी कळली तर लहानसा छेद घेईन, गळाभर चाचपडत बसणार नाही, असं सर्जननं बजावलं होतं.

किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं पहिलं चित्र आलं. थायरॉइड फुलपाखरासारखं उजळलं होतं. पुढे ते विझत जातं आणि बिघडलेली ग्रंथी तेवढी चमकत राहते, हीच या तपासणीची मेख. डॉक्टरनं बाईंना बाहेर मुलाजवळ बसवलं आणि दुपारी पुन्हा टेबलावर घेतलं.

फुलपाखरू विझलं होतं. गळा काळाठिक्कर. चमकत होता तो एकच ठिपका, बाईंच्या डाव्या खांद्यापलीकडे, जिथे शरीर संपून नुसतं टेबल उरत होतं.

औषधाचा थेंब सांडला असेल, डॉक्टर तंत्रज्ञाला म्हणाली. चादर बदलली, उशी बदलली, टेबल पुसून काढलं. काढलेली चादर किरणं मोजणाऱ्या यंत्रासमोर धरून पाहिली. ती स्वच्छ होती. पुन्हा चित्र घेतलं. ठिपका तिथेच. या वेळी त्याच्याभोवती मंद उजेडाची एक कडही होती. जबड्याची, मानेची. कुणीतरी कुशीवर, बाईंकडे तोंड करून निजलं असावं तशी.

तंत्रज्ञ खुर्ची मागे सारून उभा राहिला.

डॉक्टर आत गेली. मुळात टेबल अरुंद, त्यात बाई अगदी उजव्या काठाला अंग चोरून निजल्या होत्या.

"काकू, पडाल अशानं. मध्ये सरका."

"सवय हो," बाई ओशाळून म्हणाल्या. "डावी बाजू यांची."

मग त्यांनी छताकडे बघत सांगितलं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. आधी मुतखडे, काढले तरी पुन्हा पुन्हा होणारे. मग हाडं ठणकायची. मग माणूस चिडचिडा झाला, नावं विसरायला लागला. वय झालं, असं सगळे म्हणाले. रक्तातलं कॅल्शियम बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"माझे रिपोर्ट आले तेव्हा कळलं, यांचंही हेच होतं," बाई म्हणाल्या. "यांचं कुणी बघितलंच नाही."

चादरीची सुरकुती सारखी करायच्या निमित्तानं डॉक्टरनं डाव्या बाजूला हात ठेवून पाहिला. चादर गारच होती.

"यांना सांगू का?" बाईंनी विचारलं. डॉक्टरनं मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, तिचं तिलाच कळलं नाही.

बाईंनी डावीकडे तोंड वळवलं. "सरका हो जरा," त्या हळूच म्हणाल्या. "आता माझं बघू द्या."

आणि टेबलाच्या मधोमध आल्या.

पुढच्या चित्रात खांद्यापलीकडे नुसता काळोख होता. आणि छातीच्या हाडामागे, अगदी वरच्या टोकाला, एक टपोरा ठिपका. आईच्या पोटात असतानाच वाट चुकून खाली उतरलेली ग्रंथी. होतं असं. एवढं पुस्तकात आहे.

सर्जननं ती लहानशा छेदातून अलगद काढली. कॅल्शियम उतरलं. पुढच्या महिन्यात बाई एकट्याच चालत भेटायला आल्या. ठणका गेला होता, मनगट जुळून आलं होतं. झोप लागते का, डॉक्टरनं विचारलं. लागते की, त्या म्हणाल्या, अगदी ऐसपैस.

"घर मात्र रिकामं वाटतं, डॉक्टर. त्या दिवसापासून हे आलेच नाहीत. इथेच राहिले की काय?"

त्या हसल्या म्हणून डॉक्टरही हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पेशंट यायच्या आधी, तंत्रज्ञानं नेहमीसारखं रिकामं यंत्र चालवून बघितलं. चित्र काळं यायला हवं. तो तिला बोलवायला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

टेबलावर कुणी नव्हतं. पडद्यावर मंद फुलपाखरू होतं, आणि त्याच्या खाली एक ठिपका. फरफटल्यासारखा, पुसट.

"बंद करू, मॅडम?"

"नको. पूर्ण होऊ दे."

चित्र असं पुसट का येतं, हे तिला ठाऊक होतं. घाबरलेली माणसं तिथे रोजच निजायची. ती माइककडे वाकली.

"काका, घाबरू नका," ती म्हणाली. "फक्त हलायचं नाही."

पडद्यावरचा ठिपका हळूहळू रेखीव झाला.