कोनी राहिलं का आत?

कडूबा जर्मनीला चाललाय, यावर फर्दापुरात कुणाचा विश्वासच बसेना. "लेका, सोयगावला जायचं म्हणलं तरी तुझ्या पोटात गोळा येतो, अन् इमानात बसनार व्हय तू?" असं म्हणून सांडू हॉटेलवाल्यानं त्याची यथेच्छ टर उडवली. पण तिकीट खरं होतं. कडूबा म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांतला जुना गाइड. जन्म निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या सालातला, म्हणजे अठ्ठेचाळीसचा. जर्मन पाहुण्यांमागं हिंडून हिंडून त्यानं त्यांची भाषा अशी उचलली होती, की ऐकणारा तोंडात बोटं घालायचा. न्युर्नबर्ग नावाच्या शहरात पर्यटनवाल्यांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथं लेण्यांची माहिती सांगायला एका कंपनीनं त्याला चार दिवसांसाठी बोलावलं होतं.

जीव मात्र त्याचा घरात अडकलेला. एकुलती एक लेक सरू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली अन् दिवस भरत आलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरली बहीण वच्छलाबाई मुक्कामाला आली, म्हणून तर त्याचा पाय घरातून निघाला.

"आबा, बाळ व्हायच्या आत या बरं," सरू म्हणाली.

"आलोच समज. नातवाला मांडीवर मीच घेनार आधी. तुझ्या आत्यालाबी हात लावू देनार नाय," असं म्हणून तो हसला खरा, पण एसटीत बसल्यावर त्याचे डोळे भरून आले.

प्रदर्शनातलं काम झकास झालं. परतीच्या आधीचा दिवस मोकळा मिळाला, तेव्हा गडी एकटाच हिंडायला निघाला. टेकडीवरचा किल्ला पाहिला, लाल कौलांची घरं पाहिली. थंडी तर अशी, की तोंडातून शब्दाआधी वाफ निघायची. मग कुणीतरी सांगितलं, शहराबाहेर थोड्या अंतरावर एका खेड्यात डोंगर कोरून केलेलं जुनं तळघर आहे. झालं! लेण्यांतला माणूस तो, कोरलेला दगड म्हटल्यावर थांबतोय कसला? रेल्वेत बसला अन् दुपारी त्या खेड्यात उतरला.

गावात चिटपाखरू नव्हतं. आभाळ खाली आलेलं, रस्त्याच्या कडेला मळकट बर्फ. तळघराची किल्ली शेजारच्या घरातल्या एका म्हातारीकडं असायची. तिनं दार उघडून दिलं अन् हातात कंदील ठेवला.

"पूर्वी यात बिअरची पिंपं ठेवायचे," ती म्हणाली. "युद्धात बॉम्ब पडायला लागले, तेव्हा अख्खा गाव आत लपला होता."

"मग?"

"सगळे बाहेर आले नाहीत," एवढंच बोलून म्हातारी आपल्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली.

कडूबा आत शिरला. भिंतीवर छिन्नीचे घाव अगदी आपल्याकडच्यासारखे. ओल्या दगडाचा वास, त्यात काहीतरी आंबूस मिसळलेलं. कुठंतरी पाणी ठिबकत होतं... टप्... टप्... दुसरा कुणी असता तर घाबरला असता. याला उलट बरं वाटलं. चार दिवसांत पहिल्यांदा त्याला घरी आल्यासारखं वाटलं. तो भिंतींवरून हात फिरवत पार शेवटापर्यंत गेला. तिथं वाट दगडविटांनी बुजवून टाकलेली होती. तिथून तो मागं फिरला.

आणि दाराशी येऊन त्यानं जे केलं, ते त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. लेणी बंद व्हायच्या वेळी कडूबा रोज शेवटच्या लेण्याच्या तोंडाशी उभा राहून हाळी द्यायचा. आयुष्यभराची सवय. अंधारात कुणी पाहुणा चुकून मागं राहू नये म्हणून. इथंही तो दारात थांबला, आत तोंड केलं अन् खणखणीत आवाजात ओरडला, "कोनी राहिलं का आत? चला... माझ्या मागं चला!"

लेण्यात हाळी दिली की घुमून परत येते. इथं आलीच नाही. आतला अंधार ती गिळून बसला. मग पाण्याची टपटप थांबली. आणि कडूबाला वाटलं, हाक ऐकून मागं राहिलेला एखादा पाहुणा जसा लगबगीनं येऊन पाठीशी उभा राहतो, तसं कुणीतरी आलं... उभं राहिलं.

त्यानं वळून पाहिलं नाही. भराभरा बाहेर येऊन त्यानं कंदील म्हातारीला दिला.

"आत काय ओरडलास?" तिनं विचारलं.

कडूबानं जर्मनमध्ये सांगितलं. कुणी राहिलं असेल तर माझ्या मागं या, असं म्हणालो. म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला. ती त्याच्याकडं बघतच नव्हती. तिची नजर त्याच्या खांद्यामागं होती. तिनं तळघराला कुलूप घातलं, घरात गेली अन् दाराला आतून कडी लावली.

"आज्जी, झालं काय?" तो दार ठोठावत राहिला.

स्टेशनावर एक चहाचं दुकान होतं. कडूबा कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला. दुकानवालीनं दोन कप आणून ठेवले.

"मी एकटाच आहे, बाई."

ती हसली. "आणि तुमचे भाऊ? त्यांना द्या ना गरम काहीतरी. किती गारठलेत ते."

कडूबानं हळूच शेजारच्या खुर्चीकडं पाहिलं. रिकामी होती. पण तिच्यासमोरच्या कपातली वाफ मात्र, कुणी तोंड जवळ नेऊन श्वास घ्यावा, तशी मधूनच वाकडी होत होती.

पैसे टेबलावर टाकून तो धावत सुटला, तो थेट पुन्हा तळघराशी. दिवस मावळतीला लागला होता. म्हातारीच्या खिडक्या बंद. कडूबानं कुलूपबंद दाराला पाठ टेकवली, डोळे गच्च मिटले अन् हात जोडले.

"बाबा रे, चुकलं माझं... सवयीनं बोलून गेलो. मी परका मानूस. तू तुझ्या जागी ऱ्हा." त्याला रडू फुटलं. "माझ्या लेकीचे दिवस भरलेत रे. तिकडं फर्दापूरला ती वाट बघतीय. नातवंड होनारंय मला... त्याला मांडीवर घ्यायचंय. मला जाऊ दे..."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग दारामागं पाणी ठिबकायला लागलं. टप्... टप्... कडूबाच्या पाठीवरचं ओझं एकदम उतरलं. वारंसुद्धा हलकं झाल्यासारखं वाटलं. परतीच्या गाडीत तिकीट तपासनिसानं एकच तिकीट मागितलं, हॉटेलात एकाचाच नाश्ता आला, विमानात शेजारच्या जागेवर एक लठ्ठ बाई येऊन बसली अन् घोरायला लागली. तिच्या घोरण्याचा कडूबाला इतका आनंद झाला, की काय सांगावं! सुटलो, म्हणाला तो. देवानं वाचवलं.

मुंबईला उतरल्याउतरल्या त्यानं एसटीडी बूथ गाठलं अन् घरी फोन लावला.

"हॅलो..." वच्छलाबाईचा आवाज अगदी दबका होता. "हळू बोला. बाळ आत्ताच निजलंय."

"बाळ? आक्का, बाळ झालं? सरू कशी हाय?"

"चांगली हाय. परवाच्या पहाटं पोरगा झाला. पर कोन बोलतंय?"

"काऊन, आवाज वळखू येईना व्हय? कडूबा बोलतोय. मुंबईत उतरलोय आत्ता."

वच्छलाबाई चिडली. "कोन हाय रे मेल्या? बाळंतिनीच्या घरी असली थट्टा करतोस? आमचा कडूबा कालच आलाय जर्मनीहून. लई दमलाय बिचारा, कुनाशी बोलत नाय. आल्यापासून बाळाला मांडीवर घेऊन बसलाय, खाली ठेवीना. सरूनं पाजायला मागितलं तरी देईना..."

"आक्का!" कडूबा किंचाळला. बूथवाला दचकून बघायला लागला. "आक्का, तुझ्या पाया पडतो... आधी बाळाला घे त्याच्याकडून! तो मी नाय! ऐक माझं..."

वच्छलाबाईला काहीतरी उमगलं असावं, कारण तिचा श्वास अडकल्याचं कडूबाला ऐकू आलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून, शांतपणे, त्याच्याच आवाजात कुणीतरी विचारलं,

"आक्का, कोनाचा फोन हाय?"

मग पावलं जवळ आली. रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली.

"राँग नंबर," तो आवाज म्हणाला, आणि फोन ठेवला गेला.