मागच्या खोलीतला खेळाडू

"मेलास! परत मेलास! आणि तेही सोप्या मोडवर!" ढब्बू आनंदानं किंचाळला.

"गप रे! कंट्रोलर घसरला माझा," उस्ताद म्हणाला, पण त्याचे कान लालेलाल झाले होते.

होणारच! गल्लीत, शाळेत, सगळ्या भावंडांत उस्ताद म्हणजे व्हिडिओ गेमचा राजा. सोपा मोड दूधपित्या बाळांसाठी असतो, असं तो उठता-बसता ऐकवायचा. ढब्बू त्याचा धाकटा भाऊ. मावसबहीण चिमटीची नजर भारी तिखट. कुणाचीही चूक ती चिमटीत पकडल्यासारखी बरोबर पकडायची, म्हणून हे नाव. तिघंही सुट्टीत मामाकडे राहायला आले होते, कारण मामा चक्क गेम बनवायचा! त्याचा नवा गेम उद्या सकाळी एका कार्यक्रमात सगळ्या जगासाठी खुला होणार होता आणि घरच्यांना तो आधीच खेळायला मिळाला होता.

गेममध्ये लाल कोटातला एक पोरगा होता. त्याच्या वाटेत लाकडी पूल, आणि पुलाच्या फळ्या एकेक करून निखळायच्या. फळी हलली की उडी मारायची, एवढंच काम!

"आण इकडे," म्हणत चिमटीनं कंट्रोलर ओढला. धपाक! पोरगा नदीत. ढब्बूनं घेतला. धपाक!

"अरे, तुम्हीसुद्धा पडता?"

तिघांनी दचकून मागं पाहिलं. दारात आजोबा उभे होते.

आजोबा म्हणजे मामाचे बाबा. सगळं आयुष्य त्यांनी शिवणकामात घालवलं. सुईत दोरा कसा एका झटक्यात ओवायचे! पण मागच्या आजारपणानंतर त्यांचे हात थरथरायला लागले. मामा कामावर गेला की आजोबा गुपचूप हाच पूल पार करायला बसायचे. तसं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं.

"मला वाटलं, माझे हातच गेले," ते हळूच म्हणाले. "जाऊ दे. उद्याच्या कार्यक्रमाला तुम्ही जा, मी घरीच बरा. लेकाच्या गेममध्ये पहिल्याच पुलावर बुडणारा बाप तिथं मिरवायला कशाला?"

आणि ते आत निघून गेले. चिमटी दोघांच्या जवळ सरकली.

"सकाळीच मामा मला काय म्हणाला माहितीये?" ती कुजबुजली. "म्हणाला, बाबांना माझं काम म्हणजे पोरखेळ वाटतो. पुलापलीकडे गेलात का असं विचारलं की विषयच बदलतात."

"अरे देवा! म्हणजे यांना वाटतंय हात गेले, आणि त्याला वाटतंय बाबांना कौतुकच नाही?" ढब्बूचा हातातला बिस्किटाचा तुकडा खाली पडला, तरी त्यानं उचलला नाही. यावरून त्याला किती धक्का बसला ते समजा!

"उस्ताद, कठीण मोड लाव," चिमटी एकदम म्हणाली.

"सोप्यात बुडतोय आणि कठीण लावू?"

"लाव म्हणते ना!"

उस्तादनं कठीण मोड लावला. वाटेत राक्षस दुप्पट झाले. पण पूल आला आणि तिघंही आ वासून बघत राहिले. त्याच फळ्या, तोच वेग! सोप्या मोडमधल्या पुलाच्या आणि या पुलाच्या वेगात केसाइतकाही फरक नव्हता.

"हा तर सरळसरळ घोटाळा आहे! चला मामाच्या ऑफिसात!" उस्ताद उसळून म्हणाला.

मामाचं ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. वर जाताना जिन्यात रबराचा आणि तेलाचा वास यायचा. पुढच्या खोलीत मामा फोनवर होता. त्याच्याबरोबर काम करणारे दाढीवाले काका खुर्चीत गोल-गोल फिरत चहा पीत होते.

"सोपा मोड कठीण आहे?" काका खो खो हसले. "उस्ताद, तू ना, झोप काढून ये! अरे, सोपा मोड आम्ही रोज तपासतो. तपासणारा एकदाही मेला नाही. एकदाही!"

"कोण तपासतं?" चिमटीनं विचारलं.

"आहे एक खेळाडू, मागच्या खोलीत. जेवत नाही, झोपत नाही, दमत नाही." काकांनी डोळे मिचकावले.

काका चहा संपवायला वळले तसे तिघं मागच्या खोलीत शिरले. पडदे ओढलेले. पंख्याची घरघर. संगणकाच्या पडद्यावर लाल कोटातला पोरगा टणाटण उड्या मारत पूल ओलांडत होता. पोहोचला की पुन्हा सुरुवातीला. पुन्हा पूल. पुन्हा पार!

आणि समोरची खुर्ची... रिकामी! टेबलावरच्या कंट्रोलरला कुणाचा हातही लागत नव्हता.

"भू... भू..." ढब्बूच्या तोंडून पुढचं अक्षर फुटेना. त्यानं उस्तादचा दंड असा आवळला की उस्तादही ओरडला. "आई गं!"

"भूत कसलं!" चिमटी म्हणाली. तिनं जरा पुढं वाकून पाहिलं. "बघा, फळी हलायच्या क्षणीच उडी. दरवेळी अगदी तश्शीच. माणसाला असं जमेल? काका! हा खेळाडू माणूस नाहीये!"

काका आणि मामा धावत आले.

"अगं, प्रोग्रॅम आहे तो," मामा हसत म्हणाला. "आपोआप खेळतो. कधी चुकत नाही."

"पण मामा, सोपा मोड चुकणाऱ्यांसाठीच असतो ना?"

मामाचं हसू मावळलं.

"माणसानं कधी खेळून बघितलाय का हा मोड?" चिमटीनं सोडलं नाही.

मामानं काकांकडे पाहिलं. काकांनी मामाकडे.

"मला वाटलं, तू खेळलास," मामा म्हणाला.

"मी? मला वाटलं, तू!"

झालं! आपण सोपा मोड खेळताना कुणी बघितलं तर आठवडाभर चिडवतील, म्हणून ऑफिसात प्रत्येकजण कठीणच खेळायचा. सोप्या मोडमधले राक्षस कमी केले आणि पूल विसरले! आणि हा गेम उद्या सकाळी जगभर जाणार होता!

"पण आमच्या हाताला काही वाटत नाही त्या पुलाचं," काका अजून ऐकायला तयार नव्हते. "आणि सगळंच सोपं केलं तर मजा काय राहिली?"

उस्तादनं खुंटीवरचे काकांचे मोटरसायकलचे जाड हातमोजे काढले. "काका, हे घालून खेळा. सोप्या मोडवर."

"हॅ! डोळे मिटून खेळतो."

धपाक! धपाक! धपाक! काकांच्या दाढीतून घाम ओघळायला लागला. "अरे, बोट दाबलं जाईपर्यंत फळी जातेय!"

"आजोबांचंही तसंच होतं," चिमटी म्हणाली. "तुमचा कठीण मोड तुम्हालाच राहू दे की! त्याला कोण हात लावतंय?"

"आजोबांचं?" मामाचा आवाज चिरकला. "बाबा खेळतात?"

"रोज! तू बाहेर पडलास की लगेच! त्यांना वाटतंय, त्यांचे हात गेले. म्हणून उद्या येणार नाहीयेत."

मामा मटकन खुर्चीत बसला. चेहरा पांढराफटक. मग तो ताडकन उठला, बाह्या सरसावल्या आणि म्हणाला, "पूल आधी. बाकी सगळं नंतर."

दुपारभर मामा आणि काका कामाला जुंपले. बदल झाला की उस्ताद हातमोजे घालून खेळायचा, ढब्बू डाव्या हातानं, आणि चिमटी चुका काढायची. सोप्या मोडमध्ये फळ्या सावकाश झाल्या. शिवाय ज्याला हवं त्याला त्या थांबवूनही ठेवता येतील अशी सोय झाली. कठीण मोड होता तसाच राहिला.

संध्याकाळी मामा आजोबांशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला आणि मुलांनी काय शोधून काढलं ते सगळं सांगितलं. "बाबा, चूक तुमच्या हातांची नव्हती. माझी होती. एकदा खेळता?"

आजोबांनी कंट्रोलर घेतला. हात थरथरत होते. पहिली फळी... दुसरी... ढब्बूनं डोळेच झाकून घेतले. आणि लाल कोटातला पोरगा पलीकडे पोहोचला!

तिघांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि ते तसेच राहिले. पुलापलीकडे एक छोटं दुकान होतं. दिवा, शिलाई मशीन, आणि मशीनवर वाकलेला एक माणूस. गळ्यात टेप, कानावर खडू.

"हा..." आजोबांनी त्या माणसाकडे बोट दाखवलं. "हा मी?"

"तुमच्यासाठीच ठेवला होता," मामा म्हणाला. "रोज वाट बघत होतो, कधी पोहोचता त्याची. आणि तो लाल कोट ओळखला नाहीत? शाळेच्या पहिल्या दिवशी तुम्हीच शिवून दिलेला!"

आजोबा पडद्याजवळ सरकले. चष्मा वर केला. नीट निरखून म्हणाले, "बाह्या लांब ठेवल्यास."

"वाढत्या अंगाच्या आहेत, बाबा. तुम्हीच म्हणायचात."

आजोबांनी मामाच्या डोक्यावर हात ठेवला. मग डोळे पुसत तिघांकडे वळले.

"शाबास रे पोरांनो! एवढी मोठी माणसं बसली होती, पण सगळ्यांचे कान तुम्ही धरलेत. उद्या मी येणार. इस्त्रीचा सदरा काढून ठेवा माझा!"

"आजोबा, आता कठीण मोड लावू?" उस्तादनं विचारलं.

"नको रे बाबा. तू पण बस इथं, सोपाच खेळू. त्या दुकानात आत जाता येतं का, बघायचंय मला."

आणि उस्ताद, गेमचा राजा, मुकाट्यानं आजोबांशेजारी सरकून बसला.