मनकर्णाबाईंचा कूलर

कारंज्याला भैयाजींचं कूलर-पंख्यांचं दुकान होतं आणि तिथला कॉम्प्युटर अंकिता सांभाळायची. मे महिन्यात कूलर हातोहात जायचे. एकच नग दोघांना विकला जाऊ नये म्हणून भैयाजींनी सॉफ्टवेअर घेतलं होतं. कुणाचा फोन आला की अंकिता माल त्याच्या नावे राखून ठेवायची. मग तो दुसऱ्याला देता येत नसे.

त्या सकाळी एका म्हातारीचा फोन आला. आवाज दमलेला, कोरडा.

"बाई, एक कूलर राखून ठेवजो वं… लय तगमग होऊन राह्यली."

अंकितानं नाव विचारलं. मनकर्णाबाई. शेवटचा उरलेला कूलर त्यांच्या नावे लागला.

दुपारी रस्त्याचं डांबर पाघळत असताना जवळच्या गावचा गोपाल छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला. त्याचे वडील महादेवराव ऊन लागून खाटेवर पडले होते. "डॉक्टर म्हणते, गारव्यात ठेवा. काहीही करा ताई, पण एक द्या."

स्क्रीनवर शिल्लक एक, विक्रीसाठी शून्य. अंकिताला राहवेना. दोन दिवस थांबाल का, एवढं विचारायला तिनं म्हातारीच्या नंबरावर फोन लावला. एका माणसानं उचलला.

"मनकर्णाबाई आहेत काय? त्यांनी आज सकाळी कूलर सांगितला होता."

मग तो म्हणाला, "आज?… मी पोरगा त्यांचा. आई परवा गेली, ताई. उन्हानं."

"पण मी बोलली त्यांच्याशी…"

"मजाक करून राह्यल्या काय?" त्याचा आवाज फाटला. फोन तुटला.

कुणीतरी चेष्टा केली असेल, असं अंकितानं मनाला बजावलं. बुकिंग रद्द केलं, गोपालचं बिल काढलं आणि मागच्या गोदामाचं कुलूप उघडायला गेली.

गोदामाला खिडकी नव्हती, बल्ब उडालेला. तापलेल्या पत्र्याचा वास, खोक्यांचा वास… आणि त्यातच पाणी शिंपडलेल्या राखेचा. कूलर भिंतीशी उभा होता. त्याच्यापुढे फरशीवर कुणीतरी कुशीवर निजलं होतं. पाय पोटाशी, लुगड्याचा पदर तोंडावर.

"कोण…?"

पदर हलला नाही. आवाज मात्र आला. सकाळचाच.

"राहू दे वं बाई… आत्ता कुठं अंग गार होऊन राह्यलं."

अंकिता किंचाळली. गोपालनं धावत येऊन मोबाइलचा उजेड टाकला. कूलर, खोकी, कोरडी फरशी. दुसरं काही नाही.

"नका नेऊ तो," ती कशीबशी बोलली.

"ताई, तिकडं बाप मरून राह्यला माहा!" गोपालनं कूलर गाडीत चढवला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. तो कुजबुजत होता.

"ताई… कूलरसंग कोणी बाई पाठवली काय तुम्ही?"

"नाई… काऊन?"

"बाबा खाटेच्या काठाले सरकून झोपले. म्हणते, बाईले जागा देजो. मी हात लावून पाह्यला… बर्फासारखं गार पडलं त्यायचं अंग. श्वास चालू हाये, पण…"

"कूलर बंद करा! आत्ताच्या आत्ता!"

"बंद काय करू, ताई… आमच्या गावात दुपारपासून लाइटच नाई."