लोह्याची बारावी पॉलिसी

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटली. लोकांना पटवणं हाच माझा धंदा, पण आता त्याचंही त्राण उरलेलं नाही.

माझं नाव मी सांगणार नाही. नांदेडला राहते, तरोडा नाक्याकडे. एवढं पुरे.

तारीख मात्र पक्की आहे. अठ्ठावीस मार्च, दोन हजार तेवीस. मंगळवार. दुपारचे सव्वादोन. गाव लोहा.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. डोकं तापवणाऱ्या उन्हात झालंय हे सगळं.

आधी माझी तेव्हाची अवस्था सांगते, म्हणजे मी असं का वागले ते कळेल.

माझ्या नवऱ्याचं, वरदचं, मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद पडलं होतं. मुलगी इरा आठवीत. घरात कमावणारं कुणी नाही, म्हणून मी विम्याची एजन्सी घेतली. आमचे साहेबराव सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, ओळखीच्या शंभर जणांची नावं वहीत लिहा. तुमचा धंदा त्या वहीतच हाय."

मी लिहिली. नवऱ्याच्या मित्रांपासून लग्नात मेंदी काढलेल्या बाईपर्यंत शंभर नावं.

डिसेंबरपर्यंत नव्वदांवर काट मारून झाली.

मी दिसले की माझी मावससासू झोपेचं सोंग घ्यायची. हळदीकुंकवाला गेले तर बाया माझ्या हातात वाण टेकवून काढता पाय घ्यायच्या. एका चुलत बहिणीसमोर उभं राहून तिला फोन लावला, तर तिच्या मोबाइलवर माझं नाव आलं, ‘विमा, उचलू नये’. दोघीही हसलो. घरी येऊन मी रडले.

पहिल्या वर्षात बारा माणसांच्या पॉलिसी व्हायलाच हव्यात, नाहीतर एजन्सी रद्द, असा आमच्याकडे नियम. मुदत एकतीस मार्च. माझ्या अकरा झाल्या होत्या. अकरावी भावाच्या गळ्यात मारली, तीसुद्धा त्याच्यासमोर रडून.

एक हवी होती. फक्त एक माणूस. आणि दिवस उरले होते तीन.

ओळखीचं कुणी राहिलं नव्हतं, म्हणून सकाळच्या एसटीने लोह्याला गेले आणि दारोदार फिरायला लागले. एका घरातून "साहेब घरी नाहीत" असं साहेबांनीच ओरडून सांगितलं. दोनपर्यंत बाटलीतलं पाणी संपलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

मी एका भिंतीच्या सावलीला टेकले. आणि...

"विमावाल्या बाई... या की आत."

मागे वळले. एका घराच्या बाजूचं दार उघडं होतं. आत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक बाई बसलेली. हिरवं लुगडं, मांडीवर सूप. ज्वारी पाखडत होती.

आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला स्वतःहून बोलावलं होतं. जिवात जीव आला हो! ती कोण, तिला कसं कळलं, असला विचारही डोक्यात आला नाही. कंपनीचं नाव छापलेली बॅग मी उन्हात डोक्यावर धरली होती, आणि छापलेली बाजू खाली होती. हे मला फार नंतर आठवलं.

मी आत जाऊन खुर्चीवर बसले. घरात गार होतं. जरा जास्तच गार.

ती पाखडतच होती. सूप वर जायचं, खाली यायचं. ज्वारी उडायची.

पण आवाज येत नव्हता...

कान उन्हाने बधिर झाले असतील, असं मला वाटलं.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून एक माणूस आला. हाताला तेल, काळं झालेलं फडकं. पुढे त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. मला बघून थबकला.

"काय काम हाय मॅडम?"

"विम्याचं..."

तो फडक्याला हात पुसत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "कालपासून तेच डोक्यात हाय बघा. बसा. च्या ठेवतो."

चहा ठेवायला तो स्वयंपाकघरात गेला. उंबऱ्यावर बायको बसलेली, तिच्या अगदी अंगावरून ओलांडून गेला. तिने अंग चोरलं नाही. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही.

मी मनात म्हटलं, भांडण झालेलं दिसतंय. आणि बायको बसलीय नि नवरा चहा करतोय, हे बघून कौतुकही वाटलं. आमच्या घरी असं कुठलं!

त्याने दोनच कप आणले. मंगळवार आहे, बाईचा कडक उपास असेल, असं मी धरून चालले.

त्याचं नाव वैजनाथ. वय अडतीस. फॉर्म भरायला लागले. वारस कोण विचारलं तर म्हणाला, "पोरीचं नाव टाका. सृष्टी. सात वर्षांची हाय." ती अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, तोवर पैसे कुणाच्या हाती द्यायचे, तर म्हणाला, "माझी आई. लक्ष्मीबाई."

बायकोचं नावच नाही. मला तिची दया आली. पण माझं काम होत होतं, मी कशाला मध्ये पडू?

तो आधार कार्ड आणायला दुकानात गेला.

मी फॉर्ममधल्या कुटुंबाच्या रकान्यावर आले होते. हळूच विचारलं, "वहिनी, तुमचं वय?"

"बत्तीस."

मी लिहिलं. पत्नी, हयात, वय बत्तीस.

मग ती दबक्या आवाजात म्हणाली, "बाई... त्यायच्या छातीत लई कळ येऊन राहिलीय. नांदेडच्या सिव्हिलात दावलंय. डाक्टरनं कागद देलाय. ते न्हाई सांगनार तुम्हाला. तुम्ही लिवा."

माझा हात थांबला.

"लिवा. पोरीला पैसा भेटला पायजे माझ्या. खोट्या कागदावर भेटत न्हाई म्हनतेत."

मला नियम चांगला ठाऊक होता. छातीचं दुखणं लिहिलं की तपासण्या आल्या, पंधरा दिवस गेले, वर पॉलिसी नाकारण्याची शक्यता. माझ्याकडे तीन दिवस होते. न लिहिता तेवढ्या रकमेला तपासणीच लागत नव्हती.

वैजनाथ परत आला. मी विचारलं, "छातीत दुखणं, दम लागणं, असलं काही?"

तो पटकन म्हणाला, "न्हाई. कायबी न्हाई."

"खोटं हाय..." उंबऱ्यावरून आवाज आला. "लिवा, बाई."

वैजनाथने मान वर केली नाही. नवरा-बायकोचं बोलणं बंद असलं की असंच असतं, असं मी स्वतःला बजावलं. पेन ‘नाही’वर टेकवलं आणि खूण केली.

खोली एकदम शांत झाली. ती आधीही शांतच होती. पण ही शांतता वेगळी होती...

वर बघितलं. उंबऱ्यावर कुणी नव्हतं.

वैजनाथने मी फुली मारलेल्या जागी सह्या केल्या. वाचलं काही नाही. मी धावतपळत बसस्टँड गाठलं.

बारा झाल्या. एजन्सी वाचली. एप्रिलमध्ये नव्या एजंटांचा सत्कार झाला. मला शाल मिळाली.

ऑक्टोबरात साहेबराव सरांचा फोन आला. "ताई, तुमचा लोह्याचा माणूस गेला. दुकानातच. छातीत कळ आली म्हनतेत."

पहिला विचार आला, पोरीला पैसे मिळतील.

दुसरा विचार त्या खुणेचा आला.

पॉलिसीला तीन वर्षं व्हायच्या आत माणूस गेला की चौकशी होते. डिसेंबरात चौकशी अधिकारी माझ्या घरी आले. धम्मानंद सर. बोलायला मऊ. फॉर्म पुढे ठेवून म्हणाले, "मॅडम, हे पत्नी हयात, वय बत्तीस... हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"वहिनींनीच. समोर बसल्या होत्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दुसरा कागद काढला.

"वैजनाथची बायको गोदावरी दोन हजार एकवीसलाच गेली. डेंग्यूने."

पुढचं त्यांनी कागदावर बोट ठेवून वाचलं.

"वय बत्तीस."

कसंबसं म्हटलं, "चुकून... लिहिलं गेलं असेल."

त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, "सिव्हिलमधला कागद मिळालाय. मयताने आजार लपवला, म्हणजे दावा नाकारावा लागेल. पण एजंटला माहीत होतं आणि एजंटनेच लिहिलं नाही, असं असेल तर मुलीची केस पुन्हा बघता येईल. खरं सांगा मॅडम. तुम्हाला माहीत होतं?"

इरा आतल्या खोलीत अभ्यास करत होती. माझी एजन्सी गेली तर तिची शाळाही जाणार होती. आणि कुणी सांगितलं म्हणून सांगू? मेलेल्या बाईने?

"नाही," मी म्हणाले. "मला कुणी काही सांगितलं नव्हतं."

आणि सही केली.

त्याच क्षणी... माझ्या स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

सूप. ज्वारी. सर्र... सर्र... सर्र...

धम्मानंद सर शांतपणे कागद गोळा करत होते. त्यांना ऐकू येत नव्हतं.

आमच्या घरात सूप नाही. आम्ही पीठ विकत आणतो.

दावा नाकारला गेला. कळलं तेव्हा राहवलं नाही, म्हणून लोह्याला गेले. लक्ष्मीबाई दारात बसल्या होत्या. सृष्टी त्यांच्या पाठीला चिकटून. पुढच्या दुकानाला कुलूप.

"सून गेली, ल्योक गेला," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "त्या कागदाचं काय झालं बाई? तुम्ही तर शिकलेल्या हाव."

मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्यांच्या डोक्यावरून आत नजर गेली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशेजारी खुंटीला सूप टांगलेलं होतं. त्याला जाळं लागलं होतं.

माझी नजर बघून त्या म्हणाल्या, "ते गोदावरीचं हाय. ती गेल्यापून खाली उतरवलं न्हाई."

तेव्हापासून मी कुठल्याही घरी फॉर्म भरायला बसले की आजाराच्या रकान्याशी आल्यावर तो आवाज सुरू होतो. सर्र... सर्र... मग हळूच, "ह्याला साखर हाय. लिवा." "हिचं आपरेशन झालंय. लिवा."

विचारलं की लोक चपापतात. ती कधीच चुकत नाही. मी लिहिते. अर्ध्या पॉलिसी अडकतात, गिऱ्हाइकं तुटतात. तरी लिहिते. पण त्याने सृष्टीला काय मिळालं? काही नाही.

आज हे लिहायला बसले तेव्हा सव्वादोन वाजले होते. घरात मी एकटी. सूप चालूच होतं. एकेक गोष्ट कबूल करत गेले, तसा आवाज मंद होत गेला. सृष्टीला काही मिळालं नाही, ही वरची ओळ लिहिली आणि... थांबला.

वाटलं, सुटले. डोळ्यांत पाणी आलं.

मग दारातून, अगदी जवळून...

"आता खाली नाव लिवा, बाई."

धम्मानंद सरांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. हाच कागद, खाली माझं नाव आणि सही, एवढंच पाठवायचंय. त्या पोरीची केस पुन्हा उघडेल. माझं सगळं बंद होईल. इरा चार वाजता शाळेतून येईल.

अर्धा तास पेन हातात धरून बसले आहे.

नाव लिहिलेलं नाही.

सूप पुन्हा सुरू झालंय.