चालू बल्ब घेतले जाणार नाहीत

वायरमन जिंकला. बाळ ठणठणीत राहिलं, बल्ब जमा झाला, पावतीवर शिक्काही बसला. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा, कारण सकाळी दहा वाजता त्याच्या बहिणीच्या हातात अजून झाडू होता.

"ठेव तो खाली!" वायरमन दारातूनच ओरडला. "सीएफएल आहे. आत पारा असतो. झाडलास तर खोलीभर उधळेल."

बल्ब फुटला होता तो नेमका पाळण्याशेजारी. त्याने बहिणीला बाळासकट बाहेर काढलं, पंखा बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि पंधरा मिनिटं जिन्यात उभा राहिला. मग जाड पुठ्ठ्याने काचा उचलल्या, बारीक कण चिकटपट्टीने टिपले, ओल्या कागदाने फरशी पुसली. सगळं काचेच्या बरणीत घालून झाकण आवळलं.

"दादा, एवढ्या निगुतीने कधी वहिनीला चहा करून दिलायस का?" बहीण म्हणाली.

दुपारी तो बरणी घेऊन जुने बल्ब जमा करण्याच्या केंद्रात गेला. कारकुनाने बरणीकडे पाहिलं.

"चालू बल्ब घेत नाही."

"अहो, चुरा झालाय त्याचा!"

"मग उजेड कसला?"

चुऱ्यातून पांढराशुभ्र उजेड येत होता. तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, सवयीने बटण दाबलं रे. होल्डर रिकामा आहे, तरी खोलीत लख्ख उजेड! हे कसलं वायरिंग केलंयस?"

कारकुनाने पेनाने केंद्राची भिंत दाखवली. बरणीच्या उजेडात तिथे पाळण्याची सावली हलत होती. शेजारी बहिणीची सावली, फोन कानाला, केसांचा बुचडा नेहमीसारखा सुटत आलेला. आणि पाळण्याच्या पलीकडे आणखी एक. उंच. वाकलेली.

"तुझ्याजवळ कोण आहे?"

"कोण असणार? मी आणि बाळ."

वाकलेल्या सावलीने पाळण्यात हात घातला.

"बाळाला उचल. बटण बंद कर आणि बाहेर पड. आत्ता!"

बहिणीची सावली वाकली, वळली. दुसरी तिच्या मागे निघाली.

फोनमध्ये 'खट्' ऐकू आलं.

बरणी विझली.

"आलो बाई बाहेर," बहीण धापा टाकत म्हणाली. बाळाने असं काही भोकाड पसरलं, की वायरमनला वाटलं, आयुष्यात इतकं सुरेल काही ऐकलं नव्हतं.

"आता बंद आहे," कारकून म्हणाला आणि त्याने शिक्का मारला. वायरमन पावती झेंड्यासारखी उंच धरून बाहेर पडला. रस्त्यावरच्या दोघा-तिघांनी कारण न विचारता टाळ्याही वाजवल्या.

कारकुनाने भिंतीकडे एकदा पाहिलं, कोरा कागद ओढला आणि मुख्य कार्यालयाला लिहिलं:

'महोदय, आज जमा झालेला बल्ब नियमानुसार बंद आहे. त्यासोबत आलेली सावली मात्र उजेड नसतानाही भिंतीवर उभी असून तिचे दोन्ही हात पुढे आहेत. तरी या केंद्रास एक पाळणा तातडीने पुरवण्यात यावा, ही विनंती. रिकामा चालणार नाही, असे ती मानेने सांगते.'