आजोबांची चटई

मंगळवारी आणि शुक्रवारी राबोदो मिशनच्या ओसरीवर मुलींना शिवण शिकवायची, आणि त्या दोन दिवशी तिला जेवण जात नसे. ओसरीला लागूनच क्रॅडक पाद्र्याची ती खोली होती. कापूर, दारूचा अर्क आणि त्यांच्याखाली दबून राहिलेला एक कुजका, गोडसर वास. बरण्यांत सरडे, बेडूक, वटवाघळं पोट वर करून तरंगत. पाद्रीसाहेब पहाटे प्रार्थना सांगायचे, सकाळी कातडी सोलायचे आणि दुपारी त्याच नखांनी आपल्या शब्दकोशाचे कागद उलटायचे. मादागास्करच्या त्या पठारावरचा एकही किडा आणि एकही शब्द त्यांना सुटू द्यायचा नव्हता.

एकदा मुलींसमोरच त्यांनी तिला विचारलं होतं, की मूल न होणाऱ्या बाईला तुमच्यात काय म्हणतात. तिने सांगितलं. उच्चार जिभेवर बसेपर्यंत त्यांनी तो शब्द तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला. मुली माना खाली घालून टाके घालत राहिल्या. माणूस वाईट नव्हता म्हणतात. कुष्ठ्यांच्या जखमा स्वतः धुवायचा. पण त्या दिवसापासून प्रार्थनेनंतर त्याच्या हातची भाकर तिच्या घशाखाली उतरेना.

या मुलखात पहिलं मूल झालं की आईबापाचं नाव बदलतं. राबोदोच्या सासूला सगळे रेनित्सिंबा म्हणत, म्हणजे त्सिंबाची आई. तिचं पहिलं नाव आता कुणाच्या लक्षातही नव्हतं. तो त्सिंबा, म्हणजे राबोदोचा नवरा, मानाने रात्सिंबा, मिशनच्या शाळेत मास्तर होता आणि पाद्रीसाहेबांचा उजवा हात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण राबोदो राबोदोच राहिली होती. कालच्या पोरी अमक्याची आई, तमक्याची आई झाल्या, आणि झऱ्यावर हिला मात्र अजून लहान मुलीसारखी नावाने हाक मारायच्या.

पावसाळा सरता सरता पूर्वेकडच्या जंगलातल्या एका पारध्याने टोपलीतून 'रानातला तो' आणला. त्याचं खरं नाव इथे कुणी घेत नाही. मांजराएवढा, वटवाघळाच्या कानांचा, आणि दोन्ही हातांचं मधलं बोट वाळक्या काटकीसारखं लांब आणि काळं. त्या बोटाने तो खोड ठोकतो, आत अळी कुठे आहे ते ऐकतो आणि तेच बोट आत घालून तिला ओढून काढतो. तो नुसता दिसला तरी घरदार सोडून जाणारी माणसं होती. पाद्रीसाहेबांनी त्याला पिंजऱ्यात ठेवला. तो मेल्यावर हाडं सुटी करायला उकळली, तीही मिशनच्या भाताच्या पातेल्यात. स्वयंपाकी नोकरी सोडून गेला. साहेबांना हसू आलं. त्यांनी पातेलं साबणाने घासलं आणि परत चुलीवर चढवलं.

थंडीत सासरच्या मंडळींनी थडगं उघडायचं ठरवलं. पूर्वजांना बाहेर काढायचं, नवं रेशीम गुंडाळायचं, खांद्यावर घेऊन नाचायचं, घरच्या बातम्या सांगायच्या आणि परत निजवायचं. मिशनला हे पसंत नव्हतं. रात्सिंबाने बायकोला बजावलं, की मला घरचा म्हणून जावंच लागेल, पण तू येऊ नकोस. सासू मात्र तिच्या दारात येऊन उभी राहिली.

"येशूला विचारून झालं ना?" ती म्हणाली. "आता घरच्या म्हाताऱ्याला विचार. तो तरी ओळखीचा आहे."

पूर्वज ज्या चटईवर निजलेले असतात, तिचा तुकडा बिछान्याखाली ठेवला की मूल होतं. आजेसासऱ्याच्या मागे तर पोरांचं लेंढार होतं, त्यामुळे त्याच्या चटईवर बायका तुटून पडल्या. त्याचं गाठोडं हातभर उरलं होतं. जुने पूर्वज आटतातच. राबोदोने ते खांद्यावर घेतलं तेव्हा आत काहीतरी बारीक, सुटं खळखळलं. तेवढ्यात रेनित्सिंबाने कोपरं मारत गर्दीतून चटईचा चांगला मोठा तुकडा ओढून आणला. रात्सिंबा आडवा आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"ती नको. थोरल्या काकूची घे."

"काकूला एकच झालं, तेही रडकं," सासू म्हणाली. "हो बाजूला."

का नको ते त्याने सांगितलं नाही. तुकडा राबोदोच्या बिछान्याखाली गेला.

भाताची रोपं लावायच्या दिवसांत तिला दिवस गेल्याचं कळलं. सासूने कोंबडी कापली. रात्सिंबाने ताटाला हात लावला नाही, पण आनंदात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग ओकाऱ्या सुरू झाल्या. भाताच्या वासाने, फुलांच्या वासाने, नवऱ्याच्या अंगाच्या वासाने. पोट शांत राहायचं ते एकाच जागी. शिवणाच्या दिवशी ती नकळत त्या खोलीच्या दाराशी सरकून बसू लागली. तो कुजका, गोडसर वास तिला छातीत भरून घ्यावासा वाटे, आणि असं वाटतं म्हणून स्वतःचीच किळस येई.

पोट दिसू लागलं तेव्हा तो आवाज आला. टक्. टक् टक्. मुलींनी वर वाशांकडे पाहिलं, मग पायाखालच्या फळ्यांकडे. राबोदोने हातातलं कापड पोटावर ओढून घेतलं. पोर लाथा मारतं हे तिने ऐकलं होतं. ही लाथ नव्हती. आत कुणीतरी ठोकून बघत होतं आणि मधे थांबून कान देत होतं.

घरी येऊन तिने नवऱ्याचा हात पोटावर धरून ठेवला. तो खाली बसला आणि सगळं बोलून गेला. विलायतेतल्या विद्वानांना इथल्या माणसांच्या कवट्या मोजायच्या होत्या. साहेबांनी त्याला पाद्री करायचा शब्द दिला होता. थडग्याचा दगड त्यानेच सरकवला. आजोबा पेटीत बसून टामाटाव्ह बंदरातून केव्हाच जहाजावर चढले. गाठोडं रिकामं लागू नये म्हणून साहेबांनी कपाटातलं काहीतरी त्यात भरलं.

"काय भरलं?"

"मी पाठ करून उभा होतो."

"पातेल्यातलं?"

त्याने तिच्या पोटावरचा हात काढून घेतला. थडग्याचा दगड सरकवणारा हाच हात आपल्या अंगावरून फिरला, या विचाराने तिला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती पाद्रीसाहेबांपुढे उभी राहिली. त्यांनी काही नाकारलं नाही. हाडं ती हाडंच, आत्मा प्रभूपाशी असतो, असं त्यांनी तिला गोड आवाजात समजावलं. मग आजाऱ्यांची छाती ऐकायची लाकडी नळी तिच्या पोटाला लावली आणि पलीकडे कान टेकवला.

आतलं ठोकणं ते बोटांवर मोजत राहिले.

मग त्यांनी पेन्सिलीने मेजाची कड वाजवली. एकदा. आतून एकदा आलं. त्यांनी दोनदा वाजवली. आतून दोनदा आलं.

त्यांच्या तोंडावर भीती नव्हती, लाज तर नव्हतीच. नवा पतंग जाळ्यात सापडल्यावर दिसायचा तसा चेहरा होता. डोळ्यांत पाणी तरळलं होतं.

"बाळंतपण इथेच कर," ते म्हणाले. "मी स्वतः असेन. सुईणीला हात लावू देऊ नकोस." आणि नव्या स्वयंपाक्याला हाक मारून त्यांनी रुंद तोंडाची मोठी बरणी गरम पाण्याने धुवायला सांगितली.

"माझं मूल आहे ते," राबोदो म्हणाली.

"अर्थातच. पण नाव मी ठेवीन."

ती त्यांच्या पायाशी ओकली आणि तोंड पुसत बाहेर पडली.

घरी ती गेली नाही. भाताची खाचरं ओलांडून, जंगल सुरू होतं तिथवर चालत राहिली. आतलं ठोकणं एकदम जोरात आलं, मग थांबलं. तिच्या शेजारी एक मेलेलं खोड आडवं पडलं होतं. त्याच्या आत, सालीच्या खाली, काहीतरी मऊ सरपटत होतं. ते तिला स्वच्छ ऐकू आलं.

ऊन उतरल्यावर रेनित्सिंबा तिला शोधत आली. रात्सिंबाने तिला सगळं सांगितलं होतं. डोक्यावर भाताचं मडकं होतं.

"सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या," ती म्हणाली. "जेव."

"जेवलो आम्ही," राबोदो म्हणाली.

खोडाची साल सोललेली होती. ओकारीचं कुठे नावही नव्हतं. रेनित्सिंबाने मडकं खाली ठेवलं आणि शालीच्या टोकाने सुनेची हनुवटी पुसली. टोकाला जे पांढरं लागलं, ते अजून वळवळत होतं.

म्हातारीने ते पाहिलं. मग तिने सुनेच्या पोटावर तळवा ठेवला.

"पोरा, अजून भूक आहे का?" तिने हळूच विचारलं, आणि खाली बसून दुसऱ्या खोडाची साल नखांनी उचकटू लागली.